पाण्याच्या तोंडाला पिशवी : मत्स्यबीजाच्या बोडीसाठी घरी शिवलेली गाळणी



मृग लागला की आपल्या झाडीपट्टीत दोन प्रकारची रोपं एकदमच वाढवावी लागतात. एक धानाचे पऱ्हे आणि दुसरं मासळीचं बीज. पऱ्ह्यात तण माजलं तर रोवणीला रोप कमी पडतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मासळीच्या बीजाचंही तसंच असतं. फरक एवढाच की इथलं तण पाण्यातून येतं आणि डोळ्यांना दिसत नाही. ते तण बाहेरच अडवणारी पिशवी घरी कशी शिवायची, हे आज आम्ही सांगणार आहोत.

गडचिरोली-चंद्रपूरकडे माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या पुष्कळ. अनेक बचत गट आता एखादी लहान बोडी किंवा शेततळं घेऊन त्यात रोहू, कटला, मृगळ यांचं जिरं वाढवतात. जिरं म्हणजे अंड्यातून निघून दोन-तीन दिवस झालेलं पिल्लू. ते जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचं असतं. पंधरा-वीस दिवसांत ते इंचभर होतं आणि पुढे दोन-तीन महिन्यांत बोटुकली तयार होते. काळजी घेऊनही पहिल्या टप्प्यात शंभरातली चाळीस-पन्नास पिल्लं जगली तर ते चांगलं समजतात. म्हणजे आधीच निम्मं नुकसान धरून चालायचं असतं. त्यात नाल्याच्या पाण्याबरोबर मरळीची किंवा मागुराची पिल्लं आत आली, तर ती आपलं बीज खातात. बारकी रानमासळी आली, तर आपण टाकलेली शेंगदाण्याची ढेप आणि धानाचा कोंडा तीच फस्त करते. गटानं जमवलेला पैसा असा पाण्यात जातो, आणि दोष मात्र बीज देणाऱ्याला लागतो.

म्हणून पाणी जिथून आत येतं, त्या पाइपाच्या तोंडालाच पिशवी बांधायची.

जाळी कोणती घ्यायची?

घरात मच्छरदाणी असतेच, म्हणून हात आधी तिच्याकडे जातो. पण तिची भोकं मोठी असतात. एक परीक्षा करून पाहा. मच्छरदाणीच्या तुकड्यावर मूठभर राजगिरा टाका, तो खाली गळेल. राजगिऱ्याएवढी वस्तू गळत असेल, तर नुकतं जन्मलेलं बारीक पिल्लूही गळणार. आपल्याला भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान हवं. दुकानात नायलॉनची जाळी घेताना पुडीत थोडा बारीक रवा न्या. रवा बहुतेक वरच राहिला तर ती जाळी आपल्या कामाची.

मग जुनं लुगडं का नको, असं काहीजणी विचारतील. लुगडं गाळायला उत्तमच आहे. बांगलादेशात खेड्यातल्या बायांनी जुन्या सुती साडीच्या आठ पदरांतून पिण्याचं पाणी गाळलं, तेव्हा कॉलरा जवळजवळ निम्म्यानं कमी झाला, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पण ते घागरभर पाणी होतं. मोटरपंपाचं पाणी गढूळ आणि जोराचं असतं. लुगडं थोड्याच वेळात गाळानं बंद होतं, फुगतं आणि फाटतं. शिवाय सुती कापड सतत ओलं राहिलं की कुजतं. म्हणून इथे नायलॉन.

पिशवी शिवायची कशी?

एक मीटर पन्ह्याची तीन मीटर जाळी घ्या. लांबीच्या दोन्ही कडा जोडल्या की फूटभर रुंदीची लांब नळी तयार होते. शिवण दुहेरी हवी. आधी एक शिवण मारा, मग कड दुमडून तिच्यावरून दुसरी. दोरा नायलॉनचाच वापरा. साधा सुती दोरा आधी कुजतो आणि जाळी चांगली असूनही पिशवी शिवणीत उसवते.

पाइपाकडच्या तोंडाला जुन्या जीनचं किंवा ताडपत्रीचं वीतभर जाड कापड जोडा. पाइपाच्या कडेला घासून जाळी तिथेच फाटत असते. हे तोंड पाइपावर चढवून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा. पिशवीचं शेपूट शिवू नका. ते दोरीनं बांधा, म्हणजे रिकामं करायला सोपं जातं.

पिशवी एवढी लांब कशाला, असं वाटेल. आखूड पिशवीत पाण्याचा सगळा जोर एकाच जागी बसतो. जाळी ताणली जाते, आणि अडकलेलं बारीक पिल्लू जोरानं पलीकडे ढकललं जातं. लांब पिशवीत तेच पाणी सगळ्या अंगानं हळूहळू झिरपतं. पिशवीखाली बांबूचा ताटवा ठेवा, किंवा तिचा खालचा भाग पाण्यात तरंगू द्या, म्हणजे वजनानं ती लोंबणार नाही.

धुणं हेच खरं काम

समुद्राच्या पाण्यातले मासे काचेच्या टाकीत पाळणारे लोकही अशीच पिशवी वापरतात. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, तिथे समुद्रातले मासे लोकांनी काचेतून पाहिले. आता हौशी लोक घरीही तशी टाकी ठेवतात. त्यांची पिशवी आपल्याहून बारीक असते. तिची भोकं साधारण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी. त्यातले जाणते लोक दर दोन-चार दिवसांनी ती बदलतात. कारण पिशवीत अडकलेली विष्ठा आणि उरलेलं अन्न टाकीतून बाहेर गेलेलं नसतं. पाणी त्यातूनच वाहत राहतं. घाण तिथेच कुजते आणि पाणी बिघडवते.

आपल्यालाही हेच लागू आहे. गाळलं म्हणजे काढलं असं नाही. पाणी सुरू असताना तासा-दोन तासांनी पिशवी पाहायची. ती फुगलेली दिसली की आधी पंप बंद करायचा, मग शेपूट वर उचलून पिशवी बोडीबाहेर आणायची आणि लांब नेऊन रिकामी करायची. बांधावर रिकामी केली तर अडवलेली मरळ परत आतच जाईल. नंतर पिशवी उलटी करून साध्या पाण्यात ब्रशनं घासा. साबण, सोडा वापरू नका, त्याचा उरलेला अंश पिल्लांना घातक ठरतो. वाळवून सावलीत ठेवा, कडक उन्हात नायलॉन कमजोर होतं. पुन्हा बांधण्याआधी पिशवी उजेडासमोर धरून भोकं तपासा.

इथे आमची एक कळकळीची सूचना आहे. शेतीची वीज पुष्कळदा पाळीनं रात्रीच येते, आणि आपला भाग वाघाचा आहे. रात्री एकट्या बाईनं पिशवी पाहायला बोडीवर जाऊ नये. बीज पुन्हा आणता येतं. जिरं सोडण्याच्या आधीच दिवसाउजेडी बोडी भरून घ्या. पिशवीवर लक्ष ठेवायला कुणी नसेल तर पंप सुरूच करू नका. दिवसाच्या पाळ्या गटाच्या बैठकीत ठरवून वहीत लिहून ठेवा.

पिशवी काय करू शकत नाही

पाण्यातले काही किडे उडत येतात आणि चतुरही येऊन अंडी घालतो. ते पिशवीनं अडत नाहीत. मरळ तर हवेत श्वास घेते आणि पावसात ओल्या गवतातून सरपटत बांध ओलांडते. म्हणून बोडी आधी पूर्ण आटवून वाळवा, डबकं राहू देऊ नका आणि बांधाभोवती फूट-दीड फूट उंच जाळी लावा. किड्यांसाठी काय करायचं, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

आणखी एक गोष्ट. मरळ, मागूर, वाम हे आपले शत्रू नाहीत. ढिवर-भोयांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हीच मासळी शिजत आली. बाजारात मरळीला चांगला भावही मिळतो. त्यांना फक्त बीजाच्या बोडीबाहेर ठेवायचं आहे. मोठ्या तलावात त्यांची जागा आहेच. पिशवीत जिवंत मासा सापडला तर तो तलावात सोडा, नाहीतर रस्सा करा.

तर मैत्रिणींनो, जाळी रव्यानं तपासायची, शिवण दुहेरी घालायची, पिशवी लांब ठेवायची आणि धुण्याची पाळी ठरवायची. गटात एकीकडे जरी शिलाई मशीन असलं तरी एका दुपारचं हे काम आहे. तुमच्या गटानं पिशवी शिवली, तर ती किती दिवस टिकली आणि कुठे फाटली, ते आम्हाला जरूर कळवा. दुसऱ्या गावच्या बायांना त्याचा उपयोग होईल.