समान कोणाला म्हणायचे?

दहा रुपयांच्या दोन नोटा समान आहेत काय? दुकानदार म्हणेल, आहेत, मूल्य एकच. नोटांचे क्रमांक तपासणारा म्हणेल, या दोन वेगळ्या नोटा आहेत. दोघेही आपापल्या जागी बरोबर. संगणकाला मात्र यांपैकी कोणते उत्तर द्यायचे, हे आधी ठरवून द्यावे लागते.

प्रोग्रॅमिंगमध्ये 'क्लास' म्हणजे वस्तूचा साचा. पायथॉन या भाषेत साध्या क्लासच्या दोन वस्तूंची तुलना करताना, वेगळी सूचना नसल्यास, ती स्मृतीतील एकच वस्तू आहे का, एवढेच पाहिले जाते. आतील माहिती तंतोतंत जुळली तरी उत्तर 'नाही' असेच येते. जून २०१८ मध्ये आलेल्या ३.७ या आवृत्तीत 'डेटाक्लास' ही सोय दाखल झाली. प्रोग्रॅमरने रकान्यांची नावे व प्रकार लिहायचे. बाकीचा ठरावीक भाग आपोआप तयार होतो. एरिक स्मिथ यांनी मांडलेल्या या प्रस्तावात एक प्रश्न सोडवणे भाग होते. प्रोग्रॅमरने काहीच सांगितले नाही, तर तुलना कशी करावी?

समानतेपुरते उत्तर असे ठरले : दोन्ही वस्तू एकाच क्लासच्या असाव्यात आणि त्यांचे रकाने जुळावेत. आधीपासूनच्या 'नेम्ड टपल' या सोयीत पहिली अट नाही. त्यामुळे नकाशावरचा (३, ४) हा बिंदू आणि ३ एप्रिल ही तारीख तेथे समान ठरू शकतात!

लहान-मोठेपणाबाबत मात्र सावध भूमिका घेतली गेली. कर्मचाऱ्याच्या नोंदीत नाव व वेतन आहे, असे समजा. रकान्यांच्या क्रमाने तुलना केल्यास, केवळ नाव आधी लिहिले म्हणून यादी नावानुसार लागेल. उद्या कोणी वेतनाचा रकाना वर नेला, तर यादीचा क्रम निमूटपणे बदलेल. म्हणून अशी तुलना हवी असल्यास ती स्पष्टपणे मागावी लागते. अन्यथा प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. 'अ‍ॅटर्स' या लोकप्रिय लायब्ररीच्या जुन्या पद्धतीत ही तुलना आपोआप मिळे. २०२० मध्ये आलेल्या नव्या पद्धतीत तीही बंद ठेवण्यात आली.

या निवडीची किंमतही आहे. डेटाक्लासच्या वस्तूतील माहिती एरवी बदलता येते आणि समानता तर त्या माहितीवरच अवलंबून असते. साहजिकच अशी वस्तू 'डिक्शनरी'त किल्ली म्हणून वापरू दिली जात नाही. ठेवल्यानंतर माहिती बदलली, तर नोंद सापडणारच नाही. त्यासाठी क्लास 'फ्रोझन', म्हणजे न बदलणारा, असल्याचे घोषित करावे लागते.

मूळ मांडणी बदलण्याच्या फंदात फारसे कोणी पडत नाही, म्हणूनच ती विचारपूर्वक ठरवावी लागते. उत्तर बहुधा एकच असेल, तेथे ते आपोआप द्यावे. अनेक उत्तरे संभवत असतील, तेथे प्रोग्रॅमरलाच विचारावे. थांबलेला प्रोग्रॅम लगेच ध्यानात येतो. चुकीच्या क्रमाने लागलेली यादी मात्र महिनोन्‌महिने तशीच वापरली जाऊ शकते.