‘नर्व्हस’ आणि ‘न्यूरॉटिक’ : शब्दांतील भेद

‘नर्व्हस’ आणि ‘न्यूरॉटिक’ हे इंग्रजी शब्द बोलण्यात व लेखी शेऱ्यांतही पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. दोहोंची मुळे, अनुक्रमे लॅटिन व ग्रीक, मज्जातंतूंशीच निगडित आहेत. अर्थ मात्र भिन्न आहेत.

‘नर्व्हस’ म्हणजे बावरलेला. परीक्षेला बसताना विद्यार्थ्याच्या हातांना घाम सुटतो. ग्रामसभेत प्रथमच बोलणाऱ्या सदस्याचा आवाज कापतो. प्रसंग सरला की ही अवस्थाही बहुधा सरते.

‘न्यूरॉटिक’ हा शब्द वैद्यकातून आला. ‘न्यूरोसिस’ ही संज्ञा स्कॉटिश वैद्य विल्यम कलन यांनी १७६९ मध्ये योजिली. पुढे वास्तवाचे भान कायम असूनही चिंता वा भीती दीर्घकाळ टिकून नित्य व्यवहारात अडथळा आणते, अशा विकारांना ती लावली जाऊ लागली. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० च्या वर्गीकरणात हा स्वतंत्र गट ठेवला नाही. मानसशास्त्रात आज चिंता व खिन्नतेकडे झुकणाऱ्या स्वभावाचे मापन या कल्पनेच्या आधारे होते. तो कमीअधिक प्रमाणात सर्वांतच असतो.

यास्तव विद्यार्थ्याविषयी वा सहकाऱ्याविषयी मत नोंदविताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. पहिला शब्द बहुधा प्रसंगाविषयी बोलतो. दुसरा माणसावरच शिक्का मारतो. बावरलेल्यास धीर पुरतो. चिंता दीर्घकाळ न हटल्यास तज्ज्ञांचा सल्ला हवा; त्यासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.