बोअरच्या पाण्याचा हिशेब मोलमध्येही हवा

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या बिदर जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टवर वसला आहे, काही ठिकाणी वर जांभ्याचा थर. जिल्ह्यातलं हुलसूरही याच पठारावर. खडकाच्या भेगांतून मुरणारं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन घेऊनच बोअरमध्ये उतरतं. साबणाला फेस येत नाही तो त्यांच्यामुळे. पाणी तपासलं की अहवालात प्रत्येक आयनापुढे लिटरमागे इतके मिलिग्रॅम, म्हणजे वजन, लिहून येतं. पण साबण वजन बघत नाही. कॅल्शियमचा एक आयन साबणाचे दोन आयन अडकवतो, मॅग्नेशियमचाही एक आयन दोनच. म्हणून संख्या कळायला हवी, आणि आयनांची संख्या मोलमध्ये मोजतात. लिटरमागे किती मोल, ती मोलरता.

समजा, एका लिटरमध्ये कॅल्शियम ६० आणि मॅग्नेशियम २४ मिलिग्रॅम निघालं. आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकातली स्वीकारार्ह मर्यादा अनुक्रमे ७५ आणि ३०, तेव्हा दोन्ही आकडे बिनघोर वाटतात. आता अणुवस्तुमानाने भागा. ६० भागिले ४० म्हणजे दीड मिलिमोल, २४ भागिले २४ म्हणजे एक. बेरीज अडीच मिलिमोल, मोलरता ०.००२५. कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने मांडतात आणि त्याचं रेणुवस्तुमान १००, म्हणून तो आला २५०. त्याच मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे! दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, ही गोष्ट वेगळी. पण सुटे आकडे पास आणि पाणी नापास, हे वजनाच्या रकान्यातून कळलं नसतं. या दोघांच्या वजनात मॅग्नेशियमचा वाटा जेमतेम २९ टक्के, कठीणपणात मात्र ४०.

नायट्रेटच्या बाबतीत तर गफलत जिवावर बेतू शकते, कारण तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्याने घटते. भारताची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, अमेरिकेची १०. अमेरिकेचा नियम साडेचार पट कडक दिसतो, पण तिथे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन धरतात. ४५ ला ६२ ने आणि १० ला १४ ने भागा : ०.७३ आणि ०.७१ मिलिमोल. दोन्ही मर्यादा जवळपास एकच.

कोणी म्हणेल, मानकं मिलिग्रॅममध्ये आहेत, मग नवा रकाना लोकांना गोंधळातच टाकेल. मर्यादेशी ताडून पाहायला मिलिग्रॅम राहू द्यावेत, हे मान्य. पण कठीणपणा मोजताना प्रयोगशाळा आधी संख्याच काढते : ब्युरेटमधल्या ईडीटीए या रसायनाचा एक आयन कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या एका आयनाला धरतो, मिलिग्रॅम त्यावरून नंतर काढले जातात. हाताशी आलेली माहिती छापताना का गाळायची? शिवाय मोल हाती असले की अहवालही तपासता येतो. प्रत्येक आयनाचे मोल त्याच्या प्रभाराने गुणून धन आणि ऋण बाजूंची बेरीज करा. दोन्हींत मोठा फरक पडला तर मोजणीत चूक आहे किंवा एखादा आयन मोजायचा राहिला आहे. सीमाभागातल्या विज्ञान शिक्षकांनी मोलचा धडा गावच्या बोअरच्या अहवालावरून शिकवावा, आणि प्रयोगशाळांनी मिलिग्रॅमशेजारी मिलिमोलचा रकाना छापावा.