घाटावरची चौकट, घाटाखालची चौकट : बुलढाणा जिल्ह्यातील दारे-खिडक्यांच्या साहित्याचा मागोवा

चौकट म्हणजे भिंतीत सोडलेल्या मोकळ्या जागेला कडा देणारा आणि दाराच्या फळ्यांचा किंवा खिडकीच्या झडपांचा भार पेलणारा सांगाडा. तो कशाचा असावा, या प्रश्नाला बुलढाणा जिल्ह्यात एकच उत्तर संभवत नाही, कारण अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हा ‘घाटावरचा’ प्रदेश आणि पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर हा ‘घाटाखालचा’ प्रदेश यांचे ऊन, माती आणि पाणी वेगवेगळे आहे. घाटाखाली उन्हाळा अधिक कडक असतो, काळी माती खोल असते आणि पूर्णेलगतच्या मोठ्या पट्ट्यात भूजल खारे असते, म्हणून त्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात.

जिल्ह्यात आज पाहता येणाऱ्या सर्वांत जुन्या चौकटी दगडाच्या आहेत. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारख्या वास्तूंत दाराच्या दोन्ही बाजूंना कोरलेल्या उभ्या पट्ट्या, म्हणजे द्वारशाखा, दिसतात. परंतु अशी घडाई देवळांना आणि सरदारांच्या वाड्यांना परवडणारी होती, सामान्य घरांना नव्हे.

सामान्य घर पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचे आणि धाब्याचे, म्हणजे लाकडांवर माती पसरून केलेल्या सपाट छपराचे असे, आणि त्याची चौकट लाकडी असे. उत्तरेकडील सातपुड्याच्या वनांत साग मिळत असल्याने ऐपत असलेल्यांनी सागवान वापरले, तर इतरांनी बाभूळ आणि कडुनिंब यांवर भागवले. सागाच्या गाभ्यातील, म्हणजे खोडाच्या आतल्या पक्व भागातील, तेलकट द्रव्यांमुळे वाळवी त्यापासून दूर राहते. बाहेरच्या फिकट लाकडाला हे संरक्षण नसते, आणि म्हणूनच केवळ ‘सागवान’ या नावावर लाकूड विकत घेणे पुरेसे ठरत नाही. चौकट आधी उभी करून, तिच्या आडव्या लाकडांची टोके बाहेर काढून, भोवती भिंत रचली जात असल्यामुळे ती भिंतीचाच भाग होई. ही रीत आजच्या बांधकामात मागे पडली, हे नुकसानच म्हटले पाहिजे.

मुंबई–नागपूर रेल्वेमार्ग 1867 मध्ये नागपुरापर्यंत पोहोचला आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव त्यावर आले. लोखंडी गज, बिजागऱ्या आणि काच या बाहेरून येणाऱ्या वस्तूंना त्यामुळे वाट मिळाली, तरी चौकट मात्र दीर्घकाळ लाकडीच राहिली. खरी कलाटणी विसाव्या शतकाच्या अखेरीची आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने 1993 मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यावर बंदी घातली, जी 2020 मध्ये उठली. आणि 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात, मंजूर कार्य-आयोजनेशिवाय देशातील वनांत वृक्षतोड करण्यास मनाई केली. वनांच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. दरम्यान लोखंडी अँगलची आणि सिमेंटची, म्हणजे सळया घालून साच्यात ओतलेली, चौकट गावोगाव पोहोचली होती, आणि पुढे 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशासाठी 1.20 लाख रुपयांचे साहाय्य ठरले असता घरकुलाच्या दाराला स्वस्त लोखंडाखेरीज फारसा पर्यायही उरला नाही.

खारपाणपट्ट्यात मात्र हीच निवड सर्वांत महाग पडते. जमिनीतील खारे पाणी केशाकर्षणाने, म्हणजे विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून, भिंतीत वर चढते, वाळताना क्षार मागे ठेवते आणि भिंतीला लोणा लागतो. त्यातील क्लोराइडमुळे लोखंडाचा गंज वेगाने वाढतो आणि गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने चौकटीच्या पायाशी गिलावा फुटतो. सिमेंटची चौकट खाऱ्या पाण्यात कालवलेल्या काँक्रीटची असेल आणि तिच्या सळ्यांवर आवरण पातळ असेल, तर तिचीही गत याहून वेगळी होत नाही.

अलीकडे ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि यूपीव्हीसी, म्हणजे मऊपणा आणणारी द्रव्ये न मिसळलेले कठीण पीव्हीसी, यांचा प्रसार झाला. दोन्हींना गंज किंवा वाळवी यांची भीती नाही. परंतु ॲल्युमिनियम लाकडाच्या सुमारे हजारपट उष्णता वाहून नेते, आणि यूपीव्हीसी उष्णता रोखत असले तरी स्वतः बरेच प्रसरण पावते. दोन मीटर उंचीच्या चौकटीच्या तापमानात 40 अंशांचा फरक पडला, तर ॲल्युमिनियम दोन मिलिमीटरहून किंचित कमी आणि यूपीव्हीसी सुमारे साडेपाच मिलिमीटर वाढते. ती जागा न सोडता चौकट सिमेंटने घट्ट बसवली, तर ती वाकते. शिवाय पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आक्रसणारी काळी माती पाया हलवते व चौकटीचे कोन बिघडतात. अशा वेळी लाकडी दाराला रंधा मारून ते पुन्हा बसवता येते, यूपीव्हीसीच्या पोकळ पट्टीला ही दुरुस्ती मानवत नाही.

म्हणून घाटावर, जेथे पाया मुरमात किंवा खडकात जातो, तेथे गाभ्याचे सागवान परवडत असल्यास आजही सर्वोत्तम ठरते आणि जुन्या वाड्यांतून निघालेले लाकूड त्यासाठी आवर्जून शोधावे. खारपाणपट्ट्यात दाराची चौकट घडीव दगडाची किंवा ग्रॅनाइटची आणि खिडकीची, फटीची जागा राखून बसवलेल्या यूपीव्हीसीची असावी. लोखंडच घेणे भाग असेल, तर चौकटीचा पाय फरशीच्या वर, दगडी उंबरठ्यावर टेकवावा आणि भिंत बांधण्यापूर्वी जोत्यावर ओल रोखणारा थर घालण्यात काटकसर करू नये.