टपाच्या जुन्या मोटारीतील गळती आणि तिचा शोध

भंडारा जिल्ह्याचे हवामान रबराच्या वस्तूंस फारसे मानवणारे नाही. मे महिन्यात येथे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मृगाचा पाऊस सुरू होतो. वर्षाकाठी सरासरीने १३०० मिलीमीटरच्या आगेमागे पडणाऱ्या पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. उन्हाळ्यात रबर ताठर होते, त्यास सूक्ष्म भेगा पडतात. परंतु तो दोष त्या ऋतूत दृष्टीस पडत नाही. तो उघड होतो रोवणीच्या दिवसांत, म्हणजे गाडीवाचून अडून राहणे ज्या वेळी मुळीच परवडत नाही अशा वेळी. घडीच्या टपाच्या जुन्या मोटारीत हा दोष दोन रूपांनी प्रकट होतो. एक, पॉवर स्टिअरिंगचे तेल बाहेर जाते. दुसरे, पावसाचे पाणी आत येते. या दोन तक्रारी सामान्यतः निरनिराळ्या समजल्या जातात आणि निरनिराळ्या कारागिरांकडे नेल्या जातात. वस्तुतः त्यांचा परस्परसंबंध फार निकटचा आहे, आणि तो ध्यानात न घेतल्यामुळे चांगला पंप काढून नवा बसविण्याचा निष्फळ खर्च होतो.

महाराष्ट्रात ‘टपाची गाडी’ म्हटली की प्रथम जीप डोळ्यांपुढे येते. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपला पॉवर स्टिअरिंग नव्हते; चक्र फिरविण्याचे सारे श्रम चालकाच्या दंडांना करावे लागत. तेलाच्या दाबाने चालकास साहाय्य करणारी रचना फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ साली चालवून दाखविली होती; तथापि विक्रीच्या मोटारीत ती १९५१ साली, क्रायस्लर इंपीरियल या गाडीत, प्रथम आली. जीपच्या वंशातील ‘थार’ ही गाडी महिंद्र कंपनीने २०१० साली बाजारात आणली. तिच्या सीआरडीई प्रकारात कापडी टप आणि तेलाच्या दाबावरचे स्टिअरिंग अशी दोन्ही अंगे एकत्र आढळतात. त्याहून जुन्या जीपगाड्यांवर मागाहून असा पंप बसवून घेण्याचीही रीत आहे. पुढील विवेचन या सर्वांस सारखेच लागू पडते.

रचना समजण्यास अवघड नाही. यंत्राच्या पट्ट्यावर चालणारा पंप टाकीतील तेल ओढून घेतो आणि जाड नळीवाटे स्टिअरिंगच्या दंतपट्टीकडे अथवा डब्याकडे पाठवितो. चालकाने चक्र फिरविले म्हणजे एक बारीक लोखंडी कांडी किंचित पिळली जाते. त्या पिळामुळे झडप उघडते आणि तेलाचा दाब दट्ट्याच्या योग्य त्या बाजूस पोहोचतो. काम झालेले तेल दुसऱ्या नळीने टाकीत परत येते. गाडी सरळ चालली असता हा दाब अल्प असतो. उभ्या गाडीत चक्र टोकापर्यंत वळवून धरले तर तो दर चौरस सेंटिमीटरला ७० ते १०० किलोग्रॅमपर्यंत चढू शकतो. म्हणूनच चक्र टोकाशी चार-पाच सेकंदांपेक्षा अधिक काळ दाबून धरू नये असे सांगितले जाते. अरुंद जागेत गाडी वळविताना हा नियम हटकून मोडला जातो, ही गोष्ट वेगळी.

गळतीच्या शोधात पहिली अडचण अशी की, थेंब जेथे पडतो तेथे गळती नसते. तेल आणि पाणी दोन्ही धातूच्या पृष्ठभागास धरून उताराकडे सरकतात आणि ज्या कडेवर आधार सुटतो तेथून खाली पडतात. यास्तव प्रथम द्रव ओळखावा. रात्री गाडीखाली पांढरा कागद अंथरून ठेवला तर सकाळी बरेच काही कळते. स्टिअरिंगचे तेल पुष्कळ गाड्यांत तांबड्या रंगाचे आणि पातळ असते. जुने झाले म्हणजे ते तपकिरी होते. इंजिनचे तेल काळे व दाट, ब्रेकचे तेल फिकट व रंग खाणारे, रेडिएटरचे पाणी रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचे. स्वच्छ, वासरहित पाणी वातानुकूलन यंत्राचेही असू शकते, आणि त्याची काळजी करण्याचे कारण नाही. संशयित भाग रॉकेलने पुसून कोरडा करावा, गाडी थोडी चालवावी व मग पाहावे. जुन्या चिखलाच्या थरावरून निदान करणे व्यर्थ होय.

चक्र जड झाले म्हणजे पंप गेला असा तर्क लगेच केला जातो. तो बहुधा घाईचा असतो. पुढची दोन्ही चाके घोड्यांवर उचलून, मागच्या चाकांना ओंडके लावून, इंजिन बंद ठेवून चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. तेलाचे साहाय्य या वेळी नसते, तरी भार नसल्यामुळे हालचाल एकसारखी झाली पाहिजे. ती एखाद्या ठिकाणी अडखळत असेल, आणि चक्राच्या प्रत्येक फेऱ्यात त्याच स्थानी अडखळत असेल, तर दोष स्टिअरिंगच्या दांड्यातील खालच्या सांध्यात असण्याचा संभव अधिक. हा सांधा चाकांच्या शिंतोड्यांत सापडतो, त्यातील वंगण धुऊन जाते आणि तो गंजतो. असा सांधा असलेल्या गाडीत वळण संपल्यावर चक्र आपोआप सरळ होत नाही. अशा वेळी पंप बदलून काहीही साधत नाही. टायरमधील हवा तपासण्याचा विसरही येथेच पडतो.

हालचाल निर्वेध असेल तर मग तेलाकडे वळावे. दोन्ही बाजूंना सारखेच जड, विशेषतः गाडी सावकाश चालली असता जड, असे असेल तर तेल कमी असणे, पट्टा सैल असणे अथवा पंप झिजणे यांपैकी एक कारण असते. एकाच बाजूस जड असेल तर झडप किंवा आतील सील संशयास्पद. पावसात पट्टा भिजला म्हणजे तो घसरतो, वळताना किंचाळी ऐकू येते आणि साहाय्य क्षणभर नाहीसे होते. तलावाच्या पाळीवरील अरुंद रस्त्यावर, एका बाजूस पाणी व दुसऱ्या बाजूस बांध्या असता, वळणाच्या मध्यावर चक्र एकाएकी जड होणे ही किरकोळ गैरसोय नव्हे. चक्र तेव्हाही फिरतेच, परंतु त्यास लागणारा जोर चालकाच्या अपेक्षेच्या कितीतरी पट असतो, आणि तो लावण्यास लागणारा विलंब पुरेसा घातक ठरू शकतो.

एक गळती अशी आहे की तिचा थेंब कोठेच पडत नाही. टाकी आणि पंप यांच्यामधील नळीत दाब नसतो. तेथे ओढ असते. त्या नळीची पकड सैल झाली अथवा तिला भेग पडली तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. टाकीचे झाकण उघडले असता तेलावर फेस दिसतो, आणि चक्र फिरविताना पंप कण्हल्यासारखा आवाज करतो. आवाज पंपाचा, म्हणून दोष पंपाचा, असे मानले जाते. वास्तविक दोष एका स्वस्त पकडीचा असतो. तेल दुधाळ दिसू लागले आणि गाडी बंद ठेवल्यावरही तो रंग निवळला नाही, तर हवा नव्हे, पाणी शिरले आहे असे समजावे. टाकीचे सैल झाकण हा त्याचा एक मार्ग. असे तेल सर्वस्वी काढून टाकावे लागते.

परंतु या भागात सर्वांत लक्षपूर्वक पाहण्यासारखे स्थान म्हणजे दंतपट्टीच्या दोन्ही टोकांचे रबरी भाते. कारागीर त्यांना ‘बूट’ म्हणतात. उन्हाने ताठरलेला भाता घडीच्या ठिकाणी चिरतो. गाडी रपट्यावरील पाण्यातून अथवा चिखलणीच्या पाण्याशेजारून गेली की त्या चिरेतून गढूळ पाणी आत शिरते, आणि बाहेर पडण्यास वाट नसल्यामुळे तेथेच राहते. दंतपट्टीच्या गुळगुळीत दांड्यावर गंजाचे ठिपके उठतात. त्यानंतर प्रत्येक वळणास तो खरखरीत दांडा तेलाच्या सीलमधून पुढेमागे सरकतो आणि सीलची ओठासारखी नाजूक कड खरवडून काढतो. काही दिवसांनी भात्यात तेल साठू लागते. या वेळी कोणी केवळ सील बदलले तर नवे सील त्याच गंजलेल्या दांड्यावर घासून पुन्हा जाते. काही रचनांत दोन भाते एका बारीक नळीने जोडलेले असतात. त्यामुळे उजव्या सीलचे तेल डाव्या भात्यातून ठिबकू शकते. भाता दाबून पाहणे हे एक मिनिटाचे काम आहे. तो पिचपिचला तर पकड सोडून आतील द्रव तपासावा : गढूळ पाणी असेल तर अद्याप वेळ गेलेली नाही, तेल असेल तर गेलेली आहे. चिरलेला भाता तत्काळ बदलणे आणि दंतपट्टी बदलणे यांच्या खर्चातील अंतर कोणत्याही शेतकऱ्यास उमगण्याजोगे आहे.

जाड नळीची गळती शोधताना मात्र हाताने चाचपू नये. सूक्ष्म छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडीत शिरू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा नळीलगत फिरवावा. डाग आपोआप स्थान दाखवितो. गळती थांबविणारी म्हणून विकली जाणारी द्रव्ये रबर फुगवून काही काळ भागवून नेतात, याहून त्यांचा उपयोग नाही. ब्रेकचे तेल मात्र स्टिअरिंगच्या टाकीत चुकूनही ओतू नये; त्याने सील फुगून निकामी होतात.

स्टिअरिंगचा दांडा इंजिनकडून चालकाच्या पायांपाशी ज्या भोकातून येतो त्या भोकाचे रबरही याच उन्हात वाळते. चालकाचे पाय भिजतात, तेव्हा दोष टपास लावला जातो. पुष्कळदा पाणी या भोकातून आलेले असते. टपाकडे वळण्यापूर्वी ही शंका निरसून घ्यावी.

पाण्याच्या परीक्षेस दोन माणसे लागतात. चटया व जाजमे काढून तळ कोरडा करावा, संशयित सांध्यांखाली वर्तमानपत्राचा कागद चिकटवावा. एकाने आत विजेरी घेऊन बसावे, दुसऱ्याने नळीने मंद पाणी सोडावे. पाणी सोडण्याचा क्रम खालून वर असा असावा. प्रथम दरवाज्याचा उंबरठा, मग समोरच्या काचेच्या चौकटीचा पाया, मग चौकटीच्या बाजू, आणि शेवटी टपाची शिवण. प्रत्येक ठिकाणी चार-पाच मिनिटे. वरून आरंभ केला तर पाणी सगळीकडूनच ओघळते आणि काहीच सिद्ध होत नाही. घडी पडणाऱ्या काचेच्या चौकटीखाली रबराची पट्टी असते. ती दबून चपटी झाली की पाणी मध्यभागी शिरते, परंतु आतल्या पत्र्यावरून घरंगळत कोपऱ्यातून गळते. कोपऱ्यात लांबी भरण्याचा उद्योग यामुळेच निष्फळ होतो.

काही गाड्या उभ्या असता एक थेंबही आत घेत नाहीत आणि धावू लागल्या की गळतात. याचे कारण वाऱ्यात आहे. वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब टपाच्या वर कमी होतो, कापड फुगून वर उचलले जाते, आणि काचेच्या चौकटीवरील त्याची पकड किंचित सुटते. तेवढ्या फटीतून वाऱ्याने रेटलेले पाणी शिरते. येथे रबर बदलून भागत नाही. टपाचे पट्टे ताणून घ्यावे लागतात व कमानींची उंची जुळवावी लागते.

कापडाच्या जातीप्रमाणेही वर्तन बदलते. सुती कॅनव्हास भिजला की त्याचे धागे फुगतात आणि छिद्रे मिटतात. मात्र आतून त्यास बोट लावले तर त्या ठिकाणी ठिबकणे सुरू होते, हा तंबूत राहिलेल्यांचा जुना अनुभव आहे. रेक्झिनसारख्या लेप दिलेल्या कापडातून पाणी झिरपत नाही, पण सुईची छिद्रे तशीच उघडी राहतात आणि दोरा वातीप्रमाणे पाणी आत ओढतो. शिवणीवर मेण अथवा शिवणीसाठीच मिळणारा लेप कापड पूर्ण कोरडे असता लावावा. सिलिकोनचा थर एकदा बसला की पुढे दुसरा कोणताही लेप तेथे नीट चिकटत नाही, आणि त्याखाली अडकलेले पाणी पत्रा खात राहते.

तळाकडे मात्र सर्वांचेच दुर्लक्ष होते. उघड्या गाडीत थोडे पाणी येणारच, हे गृहीत धरून तळास निचऱ्याची भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजतात, अथवा धूळ येते म्हणून मुद्दाम बुजविली जातात. मग जाड जाजमाखाली पाणी आठवडेच्या आठवडे राहते, पत्रा आतून गंजतो आणि तारांचे सांधे हिरवे पडतात. कोरड्या दिवशीही पुढील तळ ओला दिसला, तर वातानुकूलनाची निचरा-नळी बुजली आहे काय हे पाहावे. तेच पाणी गोडसर वासाचे असेल तर हीटर गळत आहे.

ही सर्व तपासणी मेच्या अखेरीस करणे इष्ट, कारण पाऊस लागल्यावर कापड व सांधे वाळवायला सवड मिळत नाही. स्टिअरिंगचे तेल नव्याने भरल्यावर हवा काढणे आवश्यक असते. पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, चक्र पंधरावीस वेळा टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवावे आणि टाकीतील पातळी उतरेल तसे तेल घालीत जावे. फेस येणे थांबल्यावर इंजिन सुरू करून तीच क्रिया पुन्हा करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखालचा कागद पाहावा, आणि आठवड्याने भाते पुन्हा एकदा दाबून पाहावेत.