शिकविणाराचें शिकणें

शाळा म्हणजे एक शिकविणारा व पन्नास शिकणारे, अशी सर्वसाधारण समजूत असते, आणि ती अगदींच खोटी आहे असें नाहीं. परंतु वर्गांत कांहीं वर्षें काढल्यावर दिसूं लागतें कीं, मुलास नवी गोष्ट शिकविण्यापूर्वीं त्यास आधीं काय ठाऊक आहे, हें शिक्षकासच शिकावें लागतें. घागरींत पाणी ओतावें तसें ज्ञान ओततां येत नाहीं. नवें ज्ञान जुन्यास धरून राहतें. जेथें धरावयास कांहींच सांपडत नाहीं, तेथें तें परीक्षेपर्यंत कसेंबसें टिकतें व पुढें गळून पडतें.

आपल्या भिवंडींत ही गोष्ट विशेष ध्यानांत येते. यंत्रमागांच्या या गांवीं एकाच बाकावर घरीं मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगु बोलणारीं चार मुलें शेजारीं शेजारीं बसलेलीं आढळतात. त्यांतील कित्येकांस पुस्तकांतील आमराई व मोट यांपेक्षां धोटा, कांडी आणि बीम हीं अधिक परिचयाचीं.

व्यस्त प्रमाणाचेंच उदाहरण घ्या. एक संख्या वाढली कीं दुसरी त्याच मानानें घटते, हा नियम फळ्यावर लिहितां येतो, पाठही होतो. कामकरी व दिवस यांचीं ठराविक गणितें सोडवूनसुद्धां मुलें त्याकडे परक्यासारखींच पाहतात. एकदां आमच्या वर्गांत सुताचा विषय निघाला. ४० नंबरचें सूत जाड कीं ६० नंबरचें, असें विचारतांच, जो विद्यार्थी सहसा तोंड उघडीत नसे तो मागच्या बाकावरून म्हणाला, “गुरुजी, साठ बारीक.” मग आम्हीं फळ्यावर हिशेब मांडला. कापसाच्या सुताचा नंबर म्हणजे ८४० यार्डांची एक, अशा किती लडी एका पौंडांत बसतात ती संख्या. म्हणजे ४० नंबरचें एक पौंड सूत ३३,६०० यार्ड भरेल आणि ६० नंबरचें ५०,४०० यार्ड. वजन तेंच, लांबी अधिक, अर्थात् धागा बारीक. नंबर दुप्पट झाला तर तेवढ्याच लांबीच्या सुताचें वजन निम्में होतें. व्यस्त प्रमाण तें हेंच.

तास येथेंच संपावयाचा, परंतु तोच मुलगा पुन्हां उभा राहिला. “पॉलिएस्टरचें उलट असतें, गुरुजी. तिथें आंकडा मोठा तर धागा जाड.” ही माहिती मला नवीन होती. त्याजकडून ती नीट समजून घेतली, घरीं येऊन पुस्तकांत पडताळून पाहिली, व दुसऱ्या दिवशीं वर्गापुढें ठेविली. त्या धाग्याचें माप डेनियर होय. ९,००० मीटर धाग्याचें वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनियर. म्हणजे वजन डेनियराशीं सम प्रमाणांत, आणि सुताच्या नंबराशीं व्यस्त प्रमाणांत. दोन्ही प्रमाणांचा भेद इतका स्वच्छ दाखविणारें दुसरें उदाहरण मला कोणत्याही गणिताच्या पुस्तकांत आढळलेलें नाहीं.

या मुलाचें प्रगतिपुस्तक पाहून कोणीही त्यास मंद म्हटलें असतें. शाळा सोडवून त्यास कामास लावावें अशीं बोलणीं त्याच्या घरीं चाललीं होतीं. तूर्त तीं थांबलीं आहेत. कायमचीं मिटलीं असें मी म्हणणार नाहीं.

ऐकणाराच्या ओळखीच्या वस्तूंपासून आरंभ करण्याची ही रीति कांहीं आजची नव्हे. प्रभु येशूनें दाखले दिले ते पेरणाराचे, समुद्रांत टाकलेल्या जाळ्याचे, पिठांतील खमिराचे. आपल्या बाजूस या रीतीचा मोठा प्रयोग बोर्डी व कोसबाड येथें झाला. हीं ठिकाणें तेव्हां आपल्याच ठाणें जिल्ह्यांत होतीं. २०१४ पासून तीं पालघर जिल्ह्यांत मोडतात. ताराबाई मोडक यांनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांजबरोबर बालशिक्षणाचें काम केलें होतें, आणि रोम शहरांत १९०७ सालीं आपलें पहिलें बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसोरी यांची पद्धति त्यांना चांगली अवगत होती. १९४५ सालीं त्यांनीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्याच वर्षीं त्यांस येऊन मिळाल्या. पद्धति हातीं होती, परंतु तिचीं साधनें महाग. तेव्हां शिंपले, चिंचोके, बिया, पानें व माती यांचींच साधनें झालीं. मुलें बालवाडींत येईनात, म्हणून शिक्षिकाच वस्तींतील आंगणांत जाऊन बसूं लागल्या. आंगणवाडी ती हीच.

१९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तींत गेलें. तेथील मुलें दिवसभर गुरांमागें असत. गैरहजर मुलांची यादी करीत न बसतां शाळाच कुरणावर नेण्यांत आली, आणि तिला कुरणशाळा हें नांव पडलें. मुलींच्या कडेवर धाकटें भावंड असे, म्हणून शाळेलगत पाळणाघर निघालें. या सर्वांत मला कुरणशाळेचें कौतुक अधिक वाटतें. आंगण वस्तींत असतें, तेथें मोठीं माणसेंही असतात. कुरणावर मात्र वाटा, झाडें आणि गुरांच्या खोडी ठाऊक असणारें मूलच जाणतें, व शिक्षक नवखा.

आतां पालकांपाशीं एक मागणें. जून महिन्यांत मुलाचें नांव दाखल करतांना आम्ही जन्मतारीख विचारतों, पूर्वीच्या शाळेचा दाखला मागतों. यापुढें आपण होऊन आणखी दोन गोष्टी वर्गशिक्षकांस सांगाव्या: घरीं कोणती भाषा बोलली जाते, आणि घरांत काम काय चालतें. काम मागावर असो, भाजीच्या गाडीवर असो, शिवणाच्या यंत्रावर असो वा भाताच्या खाचरांत असो, तें सांगण्यास संकोच करूं नये. वडिलांस रात्रपाळीमुळें येणें जमत नसेल तर आईनें किंवा आजीनें यावें, आणि मराठी येत नसल्यास शेजारच्या मुलास बरोबर आणावें. शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्ही तासभर थांबतों.