शिक्षकाची पुढची जागा

आपल्या चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे. तिथे आज शिकाऊ विमान उतरलं, तर त्याला पंखांची एकच जोडी असेल. आपण बोलतोय ते जुन्या, दुमजली पंखांच्या टायगर मॉथबद्दल. साल 1931.

त्याआधीच्या जिप्सी मॉथमध्ये वरचा पंख आणि त्यातली पेट्रोलची टाकी पुढच्या जागेच्या नेमकी डोक्यावर यायची. पॅराशूट बांधून तिथून बाहेर पडणं कठीण. आणि तिथे बसायचा कोण, तर शिक्षक! म्हणून डी हॅव्हिलँड कंपनीने वरचा पंख पुढे सरकवला. पण पंख पुढे गेला की विमानाची उचलही पुढे जाते, तोल बिघडतो. मग पंखांची टोकं मागे झुकवली. ते तिरपेपण शोभेचं नव्हे.

आम्ही जन्मभर शिकवत आलो, त्यामुळे आम्हाला बैठकीचीच गंमत जास्त. शिक्षक पुढे, विद्यार्थी मागे. बोलायला मधे एक नळी. पुढची जागा गुरुत्वमध्याजवळ, म्हणून शिक्षक उतरला तरी तोल फारसा ढळत नाही. विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडतो तोही मागच्याच जागेवरून. समोरची जागा तेवढी रिकामी. आमच्या वर्गात एवढी सोय आम्ही केली होती, असं काही म्हणवत नाही.

भारतीय हवाई दलातले कितीतरी वैमानिक याच विमानावर शिकले. पुढे डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगलोरला एचटी-2 तयार झालं, 1951 साली उडालं आणि त्याने टायगर मॉथची जागा घेतली. त्याला पंखांची एकच जोडी. बैठका मात्र तशाच, एकामागे एक.